आपण तिसरे

"आपण तिसरे," असं म्हणून सर बाकड्याच्या अगदी टोकाला बसायचे. बाकडं रिकामं असलं तरी टोकालाच. मधोमध फक्त माझं मांजर झोपलेलं, आणि हा सहा फुटी माणूस अर्धा बाकड्यावर, अर्धा हवेत. मी म्हणायचो, "सर, मधात बसा ना. मांजराची मुलाखत नाई आज." तर हसून म्हणायचे, "राहू द्या भाऊ. मधली जागा ज्याचं ठरलं हाय त्याची. आपण तिसरे."

माझं हॉटेल अमडापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका शिक्षण संस्थेच्या फाटकासमोर. संस्थेचं नाव सांगत नाही. मला अजून त्यांच्याकडे चहा द्यायचा असतो. एकाच आवारात त्यांची शाळा, त्यांचं कॉलेज, त्यांचं कृषी विद्यालय. नोकरी मागायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या बाकड्यावर बसायचा, मग आत जायचा. साधं आंब्याचं लाकूड, पण त्यावर इतके पदवीधर बसले की पुढं पुढं एखादा ट्रकवाला तिथं नुसती डुलकी काढून उठला तरी इंग्रजीत जांभई द्यायचा. खोटं वाटत असेल तर येऊन झोपून पाहा.

सर हे सर कधीच नव्हते. म्हणजे कोणत्याही शाळेनं, कॉलेजनं त्यांना नेमलेलं नव्हतं. शेतीची पदवी होती, तीही चांगल्या मार्कांची, वरून बी.एड. केलेलं. पण हातात फाईल, अंगात पांढरा शर्ट आणि बोलण्यात समजावून सांगायची सवय, एवढ्यावर लोकांनी त्यांना परस्पर सर करून टाकलं. संस्थेला जे जमलं नाही ते एसटीच्या कंडक्टरनं एका फेरीत केलं.

तो शर्ट सांगायला हवा. शेजारी आमचे रहीमभाई इस्त्री करायचे, कोळशाची, दगडासारखी जड. सरांचा शर्ट ते स्वतःचा निकाह असल्यासारखा करायचे. बाहीची घडी अशी की मी एकदा तिच्यावर काकडी कापली. रहीमभाई म्हणायचे, "सर, इस बार तो शर्टच बोलेल, तुम्ही गप्प बसा." सर मान डोलवायचे. गप्प बसणं त्यांना तोवर चांगलं जमायला लागलं होतं, ते का, ते आता सांगतो.

ज्यांना पहिल्या झटक्यात नोकरी लागली अशा नशीबवान वाचकांसाठी हा खुलासा. आमच्या भागात जागा निघते तेव्हा ती निघायच्या आधीच भरलेली असते. कोणाचा तरी भाचा असतो, कोणाचा तरी जावई असतो, किंवा कोणाच्या तरी बापानं रस्त्याकडचं वावर विकलेलं असतं. त्याला म्हणतात 'ठरलेला'. पण मुलाखत घेतली असं कागदावर दिसायला एक उमेदवार पुरत नाही, किमान तीन तरी लागतात. मग ठरलेल्याच्या मागंपुढं दोन माणसं बसवायची. दुसरा कोणीही चालतो. तिसरा मात्र जाणकार लागतो: वेळेवर येणारा, कपडे बरे घालणारा, तक्रार न करणारा, आणि आत गेल्यावर ठरलेल्यापेक्षा कमी येतं असं दाखवणारा.

सर त्यातले नामांकित. चिखली, मेहकर, पार संग्रामपूरपर्यंत त्यांचं नाव. कुठं मुलाखत ठरली की आधी सरांना निरोप, मग जाहिरात. आमच्या संस्थेचे सचिव तर माझ्या गल्ल्याजवळ उभे राहून फोन लावायचे, "सर, बुधवारी येऊन जा. शोभा वाढवा." त्यांचं हे ठरलेलं वाक्य. लग्नात बँडवाल्याला सांगतात त्याच सुरात.

सुरुवातीला सरांना हे कळत नव्हतं. पहिल्या मुलाखतीत त्यांनी विचारलं ते सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. चहा घेऊन मी स्वतः आत गेलो होतो, म्हणून पाहिलं. कपाशीवर बोलायला लागले तर खोलीत बोंडं फुटायची तेवढी बाकी राहिली. अध्यक्षांचा चेहरा पडत गेला, ठरलेला भाचा दाराआडून ऐकत घामानं भिजत गेला. शेवटी अध्यक्षांनी माझा चहा मुद्दाम धोतरावर सांडला आणि मुलाखत थांबवली. नंतर सचिवांनी सरांना बाहेर आणून खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमीच एवढं सांगतलं तं आमी आता त्याले काय विचाराव? जरा समजून घ्या ना बाप्पा. त्याच्या पोटावर पाय काऊन देता?"

सर समजून गेले. सरांचं हेच वाईट होतं, ते समजून घ्यायचे. त्या दिवसापासून आत गेले की प्रत्येक प्रश्नाला क्षणभर छताकडे पाहायचे, जणू उत्तर पंख्याला लटकलंय, आणि मग हळूच म्हणायचे, "आठवत नाई साहेब." इतक्या अदबीनं म्हणायचे की विचारणाऱ्यालाच आपण प्रश्न चुकीचा विचारला असं वाटावं.

"मंग जाता कायले?" मी एकदा चिडून विचारलं. "पोहे खायले? पोहे मी घालतो तुमाले रोज."

"जात राह्यलं पाह्यजे भाऊ. चेहरा ध्यानात राह्यतो लोकायच्या. सगळ्याच जागा ठरलेल्या असतीन का? एखादी खरी निघन. त्या दिवशी आपण घरी राह्यलो तं?"

'खरी' हा शब्द त्यांच्या आईचा. सर निघाले की ती दारात उभी राहून विचारायची, "आज तरी खरी हाय का रे?" आणि हे सांगायचे, "आल्यावर सांगतो." सरकारी नियमाप्रमाणे नोकरीला लागायचं वय जवळ जवळ संपत आलं होतं, हे त्या माउलीला माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं. मलाही होतं, कारण अलीकडे मी चहात साखर टाकायची विसरलो तरी ते सांगायचे नाहीत.

मुलाखती नसत तेव्हा सर बियाण्याच्या कंपन्यांत असायचे. तेव्हा बीटी कपाशीचं वारं होतं. मिरगाच्या आधी कंपनीची जीप यायची, शिकलेली पोरं गोळा करायची, प्रत्येकाला एक टोपी आणि कपाशीचं चित्र असलेली पिशवी द्यायची, आणि सांगायची, "गावोगाव फिरा, आमचं बियाणं सांगा. हंगाम झाला की कायम करू." हंगाम झाला की त्यांचा फोनच लागायचा नाही. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी, दुसऱ्या रंगाची टोपी, तेच वाक्य. जुनी टोपी सर ज्वारीच्या तुकड्यातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर घालायचे. "आमच्या घरी बुजगावणंच हुशार हाय भाऊ," ते म्हणायचे. "दर साली नव्या कंपनीत लागते. मुलाखत बी देत नाई."

मग ते गुलाबी अळीचं साल आलं. ज्या बियाण्यात अळी पडणारच नाही म्हणून सांगितलं होतं त्याच बोंडात ती आत बसून सरकी खात होती. बोंड वरून हिरवंगार, दाबून पाहिलं की आत नुसता चिकट काळोख. जीपवाले गायब झाले. टोपी घालून गावात राहिले ते एकटे सर. लोक अंगावर यायचे. एकानं तर माझ्या हॉटेलात त्यांच्यासमोर किडकी बोंडं ओतली आणि म्हणाला, "घ्या सर, तळा भजे याचे." सरांनी कंपनीची बाजू घेतली नाही, स्वतःचीही नाही. एक बोंड उचललं, फोडलं आणि त्या माणसाला शेजारी बसवून सांगायला लागले की आता बोंडात हिला मारता येत नाही, हिला फुलातच गाठावं लागतं. जे फूल उमलत नाही, पाकळ्या आवळून गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, ती डोमकळी. तोडून उघडा, आत अळी. अशा डोमकळ्या वेचून जाळा. शिव्या द्यायला आलेला माणूस दोन चहा पिऊन, मान हलवत गेला. त्यानंतर महिनाभर माझ्या हॉटेलात डोमकळीशिवाय दुसरा विषय नव्हता. माझं मांजरसुद्धा फूल दिसलं की आधी पंजानं उघडून पाहायला लागलं होतं.

त्याच हंगामात संस्थेच्या कृषी विद्यालयात शिक्षकाची एक जागा निघाली. सचिवांनी गल्ल्याजवळून नेहमीचा फोन केला. "सर, येऊन जा. शोभा वाढवा."

मुलाखतीच्या दिवशी सर आले, टोकाला बसले. थोड्या वेळानं मेहकरकडच्या एक मॅडम आल्या. त्या अशा मुलाखतींच्या नेहमीच्या दुसऱ्या. सरांना बघून हसल्या. "तुमी बी काय? मले वाटलंच." मग आला एक पोरगेला तरुण. पायात कोरे करकरीत बूट, कपाळाला घाम, तोंड शिवल्यासारखं बंद. सरांनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी खूण केली. हिशोब सरळ होता. मॅडम दुसऱ्या, आपण तिसरे, म्हणजे ठरलेला हाच.

ठरलेल्याला 'तुझं ठरलंय का' असं कोणी विचारत नाही. तशी आमच्याकडे पद्धत नाही. नवरदेवाला घोड्यावर बसल्यावर 'लग्न तुझंच ना' असं विचारतात का? सरांनी मांजर उचलून खाली ठेवलं आणि त्या पोराला बाकड्याच्या मधोमध बसवलं.

पोरगा बुटाची नाडी सोडून परत परत बांधत होता. सरांनी स्वतःच्या हातानं त्याच्यासमोर पाणी ठेवलं. "काऊन भेतो बे? वाघ हायेत का ते? कपाशीवर विचारतीन, यंदा दुसरं काय विचारणार? आयक." आणि सरांनी त्याला डोमकळी सांगितली. टेबलावरच्या पाण्यात बोटानं फूल काढून दाखवलं. अळीचा पतंग कुठं अंडी घालतो, सापळे कधी लावायचे, वेचणी झाल्यावर तीच कपाशी फरदड म्हणून पुढं का ठेवायची नाही, सगळं. पोरगा ऐकता ऐकता घाम पुसायचा विसरला. मी उकळता चहा विसरलो. मॅडमनी पर्समधून पेन काढलं होतं, ते उघडं राहून त्यांच्या साडीवर निळा नकाशा उमटला.

"असं सांगजो," सर म्हणाले. "नाव निघालं पाह्यजे तुह्यं. ठरलेलं असलं तरी माणसानं चांगलं सांगाव. पुढं पोरायले शिकवाचं हाय."

पोरगा काही तरी बोलायला गेला. तेवढ्यात आतून पुकारा झाला आणि मॅडम उठल्या. त्या गेल्या तशाच परत आल्या. मग पोरगा गेला, तो बराच वेळ आत राहिला. मग सर. जाताना त्यांनी बाहीची घडी सरळ केली, नेहमीसारखी.

मी चहाची किटली घेऊन मागोमाग निघालो. मुलाखतीच्या खोलीआधी सचिवांची खोली लागते. सचिव डोकं धरून बसले होते. मी आपलं सहज म्हटलं, "काय साहेब, बूटवाला लागला ना?"

"कोनता बूटवाला?" सचिव म्हणाले. "अरे, ज्याचं ठरलं होतं त्याच्या बापाची कपाशी अळीनं खाल्ली. वावर घ्यायले कोनी उभं राहीना. काल सांजीले त्यानं हात वर केले. आन् जागा आज भरली नाई तं वरून रद्द होते. बाहेरचा अधिकारी येऊन बसला हाय. आता जो चांगलं सांगन तो घ्या म्हन्ते अध्यक्ष. तीन पुरे कराले रातीच त्या पोराले निरोप धाडला. तिघंही शोभेचेच आनले मी. कोनाचंच ठरलेलं नाई."

वाचकहो, मी आयुष्यात खूप पळालोय. एकदा रानडुकरानं मला पाच एकर पळवलं, आणि शेवटी ते दमून बसलं. पण त्या वऱ्हांड्यात मी जसा पळालो तसा कधी पळालो नाही. किटलीतला अर्धा चहा माझ्या पायांवर, अर्धा संस्थापकांच्या फोटोवर. दार ढकलून आत घुसलो तेव्हा तो बाहेरचा अधिकारी विचारत होता, "बोंडात शिरल्यावर अळी दिसत नाही. मग शेतकऱ्याने ती आधी ओळखायची कशी?"

सरांनी छताकडे पाहिलं. "आठवत नाई साहेब."

"सर!" मी ओरडलो. "डोमकळी! डोमकळी सांगा ना!"

अधिकारी चष्म्यावरून माझ्याकडे पाहायला लागला. "तुम्ही कोण?"

"मी चहा," मी म्हणालो. "साहेब, यायले सगळं येते. सर, खरी हाय! आजची खरी हाय!"

सर उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मला सांभाळून घेतल्यासारखं हसू होतं. मेजवानीत पाहुण्यांसमोर बोटं चाटणाऱ्या घरच्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांना नमस्कार केला, अधिकाऱ्याला केला, आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. वऱ्हांड्यात हळूच म्हणाले, "भाऊ, तुमी इतक्या वर्षांचे माहीतगार. त्या पोराच्या पोटावर पाय काऊन देता?"

मी सांगितलं. सचिव काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. सर ऐकत होते, पण नजर हॉटेलाकडे होती. बाकड्यावर मॅडम आणि तो पोरगा बसलेले. पोरगा मधोमध.

मी परत आत गेलो, अध्यक्षांसमोर हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, "त्याचं झालं ना बाबा. साहेबांनी सह्या केल्या." साहेब गाडीत बसतच होते. म्हणाले, "त्या तरुण मुलाला विषय छान कळलाय. कोणी शिकवलंय देव जाणे."

निकाल तिथंच सांगितला गेला. पोरगा धावत येऊन सरांच्या पाया पडला. "सर, मी सांगत होतो तुमाले. माह्यं काई ठरलेलं नोतं. मले बी शोभेले बोलावलं होतं. माह्यी पयलीच येळ. कमी सांगा लागते हे मले माहीतच नोतं. आन् बूट माह्या जिजाजीचे हायेत."

रहीमभाई इस्त्री तशीच कपड्यावर सोडून उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. मागं कोणाची तरी पँट जळत होती, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

सर खाली बसले. टोकाला नाही, मांजर झोपायचं तिथं. टेबलावर त्यांनी बोटानं काढलेलं पाण्याचं फूल वाळून गेलं होतं. तिथून त्यांनी एकदा हात फिरवला.

"म्हंजे खरी होती," ते म्हणाले. मग मांजराला मांडीवर घेत, "चांगली झाली म्हना मंग."

पोरानं पळत जाऊन पेढे आणले. सरांनी एक घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला. त्याला म्हणाले, "एक ध्यानात ठेवजो. डोमकळी फळ्यावर नको काढू. वावरात नेऊन पोरायच्या हातानं उघडाले लावजो. अळी हाताले लागल्याबिगर कळत नाई." सरांनी आयुष्यात एका शिक्षकाला शिकवलं ते असं. एसटी आली. ते गेले.

त्यानंतर सर आले नाहीत. सचिवांनी दोनतीनदा गल्ल्याजवळून फोन लावला. "लागत नाई बे याचा. आता तिसरा कुठून आनाव?" त्या दिवसापासून मी संस्थेच्या चहात आलं घालणं बंद केलंय, एवढा सूड माझ्या हातात होता. कृषी विद्यालयाची पोरं मात्र रांगेनं वावरात जाताना दिसत. पुढं तो नवा मास्तर. बूट हातात, पाय चिखलात.

संक्रांतीच्या सुमारास मी भज्यांचं पुडकं घेऊन सरांच्या गावाला गेलो. आई ज्वारीच्या तुकड्यात पाखरं हाकत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं पदरानं बांध पुसून मला बसायला जागा केली.

"सर कुठं आहेत?"

"गेला ना पुन्याकडे. कंपनीत लागला. गेटवर उभा राह्यतो म्हन्ते." तिनं हात उडवून पाखरं हाकलली. "खरी होती बाप्पा ह्या बारीची. काईच नाई विचारलं त्याले. नुसती उंची मोजली."

मी भजी पुढं केली. तिनं घेतली, हातात धरून ठेवली.

तुकड्याच्या पार टोकाला बुजगावणं उभं होतं. आजूबाजूला भरपूर जागा असून टोकाला. डोक्यावर टोपी नव्हती. अंगात पांढरा शर्ट होता, दव आणि ऊन खाऊन पिवळट झालेला, पण दोन्ही हात पसरलेले आणि बाहीवर रहीमभाईंची घडी तशीच्या तशी. तिच्यावर चिमण्या ओळीनं बसल्या होत्या आणि तिथूनच खाली कणसावर उतरत होत्या.

"भेत नाईत त्याले," आई म्हणाली. तिनं एक ढेकूळ उचललं, त्या दिशेनं हात मागं नेला, आणि न मारताच खाली ठेवलं. "शर्टाले लागन."